चादरींआडचे शब्द

पुस्तकांचा गठ्ठा आला तेव्हा तिळाबाई लाँड्रीत मोठ्या रोलरपाशी उभी होती. इस्पितळाच्या ओल्या चादरी एका बाजूने आत सरकवायच्या आणि दुसऱ्या बाजूने गरम, कडक, कागदासारख्या बाहेर ओढायच्या, हे काम ती एकेचाळीस वर्षं करत होती. त्या मशीनच्या घरघरीने बाकीच्या बायकांची डोकी दुपारपर्यंत उठायची. तिळाबाईचं कधी उठलं नाही. ती जन्मापासून बहिरी होती, आणि ह्या एका बाबतीत देवाने आपली सोय पाहिली असं ती हसत हसत सांगायची.

सांगायची म्हणजे हातांनी. तिच्या माणसांत प्रत्येकाचं नाव हातानेच घेतलं जाई. तिचं नाव म्हणजे डाव्या गालावर टेकवलेली तर्जनी, कारण तिथे वाटाण्याएवढा तीळ होता. लाँड्रीतल्या ऐकणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि तिची तिळाबाई करून टाकली.

गठ्ठा बिशपच्या कार्यालयातून आला होता. मोठ्या चर्चला लागून एक लांबट खोली आहे. तिथे दर रविवारी साठ-सत्तर बहिरी माणसं उपासनेला जमत. ती त्यांची स्वतःची मंडळी. महिन्यातून एकदा पाळक येऊन प्रभुभोजन देऊन जाई. एरवी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातांनी वाचून दाखवायचं ते तिळाबाईने, आणि हे काम तिने सव्वीस वर्षं केलं होतं. म्हणून गठ्ठा तिच्या नावे आला.

तिने हात कोरडे केले, सुतळी कापली आणि वरचं पुस्तक उघडलं. ‘शास्त्रातील शब्दांच्या अधिकृत खुणा’. एकूण दोनशे बारा शब्द, आणि प्रत्येक शब्दाला एक फोटो. सगळ्या फोटोंत एकच नीटनेटका तरुण. पहिल्याच फोटोत तिने ओळखलं की गडी ऐकणारा आहे. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट, आणि बोटं अशी की कुणाकडून तरी उसनी आणलीत. ‘करार’, म्हणजे देवाने माणसांशी केलेला, ह्या शब्दाला त्याने एका तळव्यावर दुसऱ्या हाताने सही केली होती, भाड्याच्या घरासाठी करतात तशी. ‘मेंढपाळ’ म्हणून हातात काठी धरली होती. ‘कृपा’पाशी तर तो स्वतःच्या डोक्यावर काहीतरी भुरभुरत होता. तिळाबाईला वाटलं, मीठ असावं.

मग तिने प्रस्तावना वाचली. लिहिलेली भाषा ती सावकाश वाचायची, एकेका शब्दावर बोट ठेवून. लिहिलं होतं: ‘शंभर वर्षांपूर्वी मिशन ह्या धर्मप्रांतात आले आणि त्याने मुक्यांना भाषा दिली. त्याच कार्याचे हे पुढचे पाऊल.’ तिने ते वाक्य दोनदा वाचलं. रोलरवरची चादर संपून नुसताच रोलर फिरत राहिला तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटच्या पानावर समितीतल्या सात जणांची नावं होती, सगळी ऐकणाऱ्यांची. सातवं नाव तिच्या मुलीचं. नावापुढे लिहिलं होतं, ‘खुणांची तपासणी’.

घरी आली तेव्हा मुलगी ओट्याशी कांदा चिरत होती. चौतिशीची पोर, कानाने तिखट, आणि बोलण्याआधी हातांनी बोलायला शिकलेली. बिशपच्या कार्यालयात ती दुभाषी होती. बहिऱ्यांचं लग्न असो, मयत असो, पोलिसात तक्रार असो, धर्मप्रांत तिलाच पाठवी.

तिळाबाईने पुस्तक ओट्यावर आपटलं. कांदे उडाले.

“हे तू तपासलंस?”

मुलीने सुरी ठेवली आणि हात पुसायला घेतले. पुसतच राहिली. त्या घरात हात पुसायला वेळ लावणं म्हणजे उत्तर टाळणं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“तपासलं नाही. मला दाखवलं,” ती शेवटी म्हणाली. “फरक आहे.”

“नाव तुझं आहे.”

“मी त्यांना सांगितलं होतं, आई. दोनदा सांगितलं. आमच्याकडे ह्या शब्दांना खुणा आहेत म्हटलं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, त्या घरगुती आहेत. लाँड्रीतल्या खुणा उपासनेत शोभत नाहीत.”

“आणि तू काय म्हणालीस?”

मुलीने कांद्यांकडे बघितलं. “नोकरी आहे ती माझी.”

“नोकरी तुझी,” तिळाबाई म्हणाली. “करार माझा.”

आणि ‘करार’ तिने तिच्या पद्धतीने म्हटलं. दोन मुठी समोरासमोर, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेने पिळलेल्या.

ती खूण कुठून आली हे मुलीला माहीत होतं, कारण लहानपणी तिने गोष्टींऐवजी आईच्या हातांतून हेच ऐकलं होतं.

तिळाबाई सहा वर्षांची असताना तिला मिशनच्या शाळेत घातलं. समुद्रापलीकडून आलेल्या मडमांनी बहिऱ्या मुलांसाठी काढलेली शाळा. मुख्य मडमेला सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. गोवर आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने चाळीस मुलांची अंगं पुसली होती. पण त्यांची एकच ठाम समजूत होती: माणूस तोंडाने बोलतो, हातवारे माकडं करतात. म्हणून वर्गात हात मांडीखाली दाबून बसायचं. हात वर आला की पट्टी. दिवसभर मुलांची बोटं मोठ्या बाईंच्या गळ्यावर नाहीतर स्वतःच्या गळ्यावर. कंप जाणवतो का, ओठ असे कर, जीभ तशी कर. मिशनच्या वार्षिक अहवालात दरवर्षी परदेशी एक आकडा जाई: यंदा इतकी मुलं बोलू लागली.

नवव्या वर्षी तिळाबाईही त्या आकड्यात गेली. तेव्हाचे बिशप शाळा पाहायला आले होते. तिला स्टुलावर उभं केलं आणि तिने स्तोत्रातली मेंढपाळाची ओळ तोंडाने म्हणून दाखवली. पाहुण्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बिशपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपण काय म्हणालो ह्याचा तिला पत्ताच नव्हता. आठ महिने तोंडाला व्यायाम केला तसा तो एक व्यायाम होता.

अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला, कपडे वाळत घालायच्या अंगणात. शाळेचं धुणं मुलीच धूत. ओल्या चादरी दोऱ्यांवर टाकल्या की मधे बोळ तयार होत, आणि त्या बोळांत मोठ्या बाईंची नजर पोचत नसे. मुली तिथे बोलत. मोठ्या मुली लहानींना शिकवत, लहानी नवीन आलेल्यांना. एका मोठ्या मुलीने तिला विचारलं, काल काय म्हणालीस ठाऊक आहे का? आणि मेंढपाळ म्हणजे कोण ते सांगितलं. मेंढरं दोघींपैकी कुणीच पाहिली नव्हती. मग त्या मुलीने चादरी मोजल्या, एक, दोन, तीन, चार, मोजता मोजता थबकली, आणि मान वळवून मागे बघत राहिली: एक कमी आहे. ती शोधल्याशिवाय तो घरी जात नाही. हा मेंढपाळ. नऊ वर्षांची तिळाबाई दोन चादरींच्या मधे उभी राहून रडली. टाळ्या पडल्या तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं.

‘करार’ही तिथलाच. चादर पिळायला दोघी लागतात. एकीने हे टोक धरायचं, दुसरीने ते, आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. एकीने सोडलं की चादर चिखलात. आणि ‘कृपा’ म्हणजे कुडकुडणाऱ्या पोरीच्या खांद्यावर कुणीतरी मागून येऊन टाकलेली, उन्हातून नुकती काढलेली चादर. तिने मागितलेली नसताना टाकलेली.

ह्या खुणा त्या अंगणातून बाहेर पडल्या, मुलींनी मुलांना दिल्या, लग्नं झाली, माणसं शहरभर आणि शहराबाहेर पांगली, आणि आज धर्मप्रांतातल्या तीन पिढ्यांच्या हातांत त्याच होत्या. मिशनने भाषा दिली म्हणे! मिशनने चादरी दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिळाबाईने अर्धी रजा टाकली आणि बिशपच्या कार्यालयात गेली. दुभाषी म्हणून मुलगीच समोर उभी राहिली. दुसरं होतंच कोण.

सेक्रेटरीसाहेबांना बहिऱ्या मंडळीत ‘फाईल’ म्हणत. उजव्या काखेत काहीतरी दाबल्याची खूण. माणूस कष्टाळू होता, सज्जनही होता. सज्जन माणसाशी भांडणं अवघड जातं, कारण तो मधेच खुर्ची पुढे करतो.

“बसा, बाई. पुस्तक कसं वाटलं?”

“परत घ्या,” तिळाबाई म्हणाली.

मुलीने ते आवाजात आणताना जरा मवाळ केलं असावं, कारण फाईलसाहेब हसले. ते म्हणाले, धर्मप्रांत मोठा आहे, प्रत्येक गावच्या बहिऱ्याची खूण वेगळी असून कसं चालेल, शब्दांना एक शिस्त हवी. शास्त्राचं भाषांतर करतानाही विद्वान बसतात, शब्द ठरवतात, मग मंडळी ते वापरते.

“त्या विद्वानांना ती भाषा बोलता येते का?” तिळाबाईने विचारलं. “की फोटो काढून घेतात?”

मुलीने ह्या खेपेला मवाळ केलं नाही. फाईलसाहेबांच्या कपाळावर आठी आली.

“तुमच्या काही खुणा, माफ करा, पण अनादराच्या आहेत. धर्मप्रांताला तुम्ही काय म्हणता?”

तिळाबाईने दाखवलं. बोटातली अंगठी, आणि मग हाताने फिरवून दाखवलेलं अंगण. अंगठीवाल्याचं अंगण. बिशपांची अंगठी लांबूनही चमकते, आणि ती दिसते तिथपर्यंतचा सगळा मुलूख त्यांचा. त्यात अनादर कुठे होता?

“हेच ते,” फाईलसाहेब म्हणाले. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या समितीच्या सभासदाकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की गुपित राहतं असा ऐकणाऱ्यांचा समज असतो. ओठ काही खाली येत नाहीत. आणि ओठ वाचायला मोठ्या बाईंनी तिळाबाईला आठ वर्षं पट्टीने शिकवलं होतं. फाईलसाहेबांचे ओठ म्हणाले, “लहान मुलांसारखे असतात हो हे. खेळणं काढून घेतलं की रुसतात. होईल सवय.”

मुलीने ते ऐकलं. आईने ते पाहिलं हेही तिने पाहिलं. तिचे हात अर्धवट वर आले आणि तिथेच थांबले.

“राहू दे,” तिळाबाई तिला म्हणाली. “कळलं मला.”

निघताना फाईलसाहेबांनी वेळापत्रक हातात दिलं. मिशनच्या शताब्दीनिमित्त येत्या रविवारी खुद्द बिशपसाहेब बहिऱ्यांच्या खोलीत उपासना घेणार. पुस्तकाचं प्रकाशन होणार. त्या दिवसापासून वाचन नव्या खुणांत, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी वाचकाचं काम तरुणांकडे द्यावं. खाली अधिकृत शिक्का.

शुक्रवारी लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये मंडळीतली तीसेक माणसं जमली. मालकीण बाईमाणूस समजूतदार. तिने फक्त एवढंच म्हटलं की धुतलेल्या गठ्ठ्यांवर बसू नका. तिळाबाईने सगळं सांगितलं. फाईलचे ओठ काय म्हणाले तेही.

एक सुतार म्हणाला, “आपण यायचंच नाही रविवारी.”

“न आल्याचं काय!” ‘शाई’ म्हणाला. तो छापखान्यातून निवृत्त झालेला खिळे जुळवणारा, तिळाबाईच्या शाळेतला सोबती. चुटकीने बोटं चोळली की त्याचं नाव होई. “ते म्हणतील पाऊस होता, बस चुकली. आपण न येण्याची त्यांना सवय आहे. समोर बसून नाही म्हटलं पाहिजे.”

“ऐकणाऱ्याला समोर बसून नाही कसं म्हणायचं?” एकीने विचारलं. “ओरडायचं? गोंधळ घालायचा?”

शाईने डोळे मिटले. मिटून बसून राहिला. कुणीतरी त्याच्या गुडघ्याला हात लावला, तरी उघडेना. मग एकेकाच्या ध्यानात आलं, आणि शेडमधले हात एकदम शांत झाले. बहिऱ्याने डोळे मिटले की समोरच्याचं सगळं दुकान बंद.

पण भीती होतीच. कुणाचं पोर मिशनच्या शाळेत होतं, कुणाचं घर चर्चच्या जागेत होतं. एक म्हातारी म्हणाली, बिशपसमोर डोळे मिटणं म्हणजे देवासमोर मिटणं. तिळाबाईने कुणावर जबरदस्ती केली नाही. “मी मिटणार आहे,” एवढंच म्हणाली. “बाकीच्यांनी आपापलं बघा.”

हे सगळं तिने मुलीला सांगितलं नाही. मुलगी दुभाषी म्हणून व्यासपीठावर उभी राहणार होती, आणि बिशपांचं बोलणं नव्या खुणांत करायचा तिला लेखी हुकूम होता. चार दिवस त्या घरात भाजी झाली, भांडी झाली, बोलणं झालं नाही.

रविवारी खोली भरली होती. भिंतीशी ऐकणारे पाहुणे उभे होते, हातात कॅमेरे. प्रत्येक खुर्चीवर नवं पुस्तक ठेवलेलं. बिशप आले; पासष्टीचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस, नवीनच नेमणूक झालेला. त्यांनी वाचनासाठी जो उतारा निवडला होता तो पाहून शाईने तिळाबाईला कोपराने डिवचलं. बहिऱ्याच्या कानात बोटं घालून त्याला बरं केल्याची गोष्ट. ऐकणारे पाहुणे आले की हटकून हीच गोष्ट काढत. जणू बाकीच्या शास्त्राशी बहिऱ्यांचा संबंधच नाही.

मुलगी बिशपांच्या बाजूला उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. बिशपांचे ओठ हलायला लागले. मुलीने हात उचलले आणि पहिला नवा शब्द केला.

तिळाबाईने डोळे मिटले.

हे करायला सोपं वाटतं. ऐकणाऱ्याने डोळे मिटले तर त्याला शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो, खुर्ची करकरते, कुणी खोकतं. तिळाबाईने डोळे मिटले आणि जगच संपलं. शाईने मिटले का? सुताराने? म्हातारीने? की साठ माणसं डोळे उघडे ठेवून बिशपांकडे पाहताहेत आणि मधे ही एक बाई झोपल्यासारखी बसली आहे? कळायला मार्ग नव्हता. एकदा उघडून बघावं असं इतकं वाटलं की पापण्या थरथरल्या. पण उघडले तर उघडलेच. नाही म्हणताना किती जण सोबत आहेत ते मोजून मग नाही म्हणायचं, असं तिने शाळेतही केलं नव्हतं.

ती तशीच बसली. पायाखालच्या फळ्यांतून कंप येत होता. कुणीतरी चालत होतं, जड पावलांनी, भराभर. फाईल असणार. कंप तिच्यापाशी आला, थांबला. खांद्यावर एक हात पडला आणि हलवू लागला, आधी हळू, मग जोरात. तिने खुर्चीच्या कडा धरल्या. हात गेला. पुन्हा नुसता काळोख, आणि गरम खोलीत माणसांचा वास. किती वेळ गेला कोण जाणे. मेंढपाळाची ती ओळ तिला आठवली, तोंडाची नव्हे, हातांची, आणि तिची बोटं मांडीवर आपोआप मोजू लागली.

मग फळ्यांतून दुसरी पावलं आली, हलकी. कुणीतरी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलं. दोन हातांनी तिच्या दोन मुठी धरल्या. ते हात गार होते, घामाने ओले. घाबरली की लहानपणापासून पोरीचे हात असेच होत. त्या हातांनी तिच्या मुठी समोरासमोर आणल्या आणि उलट्या दिशांनी हळूच पिळल्या.

तिळाबाईने डोळे उघडले. मुलगी समोर बसून रडत होती.

“सगळ्यांनी,” मुलगी म्हणाली. “सगळ्यांनी मिटलेत, आई. बघ तरी.”

तिने मागे वळून पाहिलं. ओळीच्या ओळी मिटलेल्या डोळ्यांच्या. शाई, सुतार, मांडीवर पोर घेतलेली बाई. ती म्हातारीसुद्धा, डोळे इतके घट्ट आवळून की अख्खा चेहरा सुरकुतला होता. भिंतीशी पाहुण्यांचे कॅमेरे खाली आले होते. नवी पुस्तकं खुर्च्यांखाली ठेवलेली, एकावर एक, नीट.

फाईलसाहेबांचे ओठ भराभर चालले होते. बिशपांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मुलीला काहीतरी विचारलं. तिने उठून, डोळे पुसून, आईकडे वळून ते सांगितलं, जुन्या खुणांत: “बिशपसाहेब विचारताहेत, ह्यांना काय हवंय?”

तिळाबाई उभी राहिली. शेजाऱ्याला हात लाव, त्याने त्याच्या शेजाऱ्याला, असं करत खोलीतले डोळे उघडत गेले.

“तीन गोष्टी,” ती म्हणाली. “एक, प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य खोडा. आम्हाला भाषा कुणी दिली नाही. आमच्याकडे होती, ती बोललो म्हणून मार खाल्ला. हे इतिहासात लिहायचं तर लिहा, नाहीतर निदान उलटं लिहू नका. दोन, पुस्तक परत घ्या. तीन, शब्द ठरवायचे तर ज्यांचे हात आहेत त्यांना बसवा. सात जणांत एकही बहिरा नाही. बायकांच्या समितीत सगळे पुरुष बसवाल का?” मग तिला वाटलं की हे उदाहरण बिशपांच्या कार्यालयात कदाचित चुकीचं ठरेल, म्हणून ती म्हणाली, “बसवालही. पण बसवू नका.”

मुलीने प्रत्येक शब्द तसाच आवाजात आणला. एकही मवाळ केला नाही. शेवटच्या वाक्याला भिंतीशी उभ्या एका पाहुणीला हसू फुटलं.

बिशप म्हणाले, “मला हे असं कुणी सांगितलं नव्हतं. विचार करायला वेळ द्या.” त्यांनी आशीर्वाद दिला आणि ते गेले. प्रकाशन झालं नाही.

पुढच्या रविवारी मंडळी आली तेव्हा खोलीला कुलूप होतं. ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी. कसली दुरुस्ती, ते लिहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात मुलीला पत्र मिळालं की दुभाषी म्हणून तिच्या नेमणुकीचं नूतनीकरण होणार नाही. तिने ते आईला दाखवलं. तिळाबाईने ते एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. पोरीच्या पोटावर पाय आपण दिला, हे तिला दिसत होतं, आणि तरी मागे फिरायला मन तयार नव्हतं.

“रागावलीस?” तिने विचारलं.

“हो,” मुलगी म्हणाली. “तुझ्यावर थोडी. माझ्यावर जास्त. नाव मी आधीच काढायला हवं होतं.” महिन्याभरात तिला इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीवर काम मिळालं. काम हलकं नव्हतं, पण तिथे तिला कुणी खुणा शिकवायला येत नसे.

उपासना बंद पडली नाही. सात रविवार ती लाँड्रीच्या शेडमध्ये झाली. तिळाबाईने वाचलं, जुन्याच खुणांत. गर्दी वाढली, कारण शहराबाहेरच्या बहिऱ्यांनाही बातमी लागली होती आणि ते बघायला येत होते. पाळकानेही एकदा येऊन गठ्ठ्यांच्या मधे उभं राहून प्रभुभोजन दिलं. कार्यालयाने त्याला जाब विचारला. तो म्हणाला, मंडळी जिथे आहे तिथे मी गेलो.

आठव्या आठवड्यात बिशपांच्या सहीचं पत्र आलं. पुस्तक मागे घेतलं आहे. प्रस्तावनेतलं ते वाक्य शताब्दीच्या अहवालातही छापलं जाणार होतं, तिथूनही काढलं आहे. खोली उघडली आहे. नवी समिती नऊ जणांची असेल आणि त्यात दोन बहिरे असतील.

तिळाबाईने पत्राच्या मागेच उत्तर लिहिलं, तिच्या वाकड्या अक्षरात: ‘दोन नको. पाच.’

उत्तर आलं: तीन. तिने पुन्हा लिहिलं: पाच. शेवटी चारवर कागद आला. शाई म्हणाला, आता घे. तिने घेतलं, पण पोच देताना खाली लिहिलं की चार आज, पाचव्या खुर्चीसाठी दर महिन्याला पत्र येईल. आणि ते गेलं, दर महिन्याला. दुभाषी म्हणून तिने एकच नाव दिलं. कार्यालयाने तोंड वाकडं केलं, पण दुसरी दुभाषी होती कुठे? मुलगी इस्पितळातून तेवढ्यापुरती सुट्टी घेऊन येऊ लागली, आता चार बहिऱ्यांच्या बाजूने.

पहिल्या बैठकीला फाईलसाहेबांनी यादी काढली. पहिलाच शब्द होता, ‘ऐका’.

“हा तर सरळ आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी हात कानामागे नेला. “शास्त्रात शेकडो ठिकाणी येतो. ऐका, कान द्या. देवाची पहिली आज्ञाच ती.”

“मग ती आम्हाला केलेली नाही,” तिळाबाई म्हणाली.

फाईलसाहेब म्हणाले, “असं कसं? सगळ्यांनाच केलेली आहे.”

“कान दाखवलात, तर नाही केलेली. मी माझ्या मंडळीसमोर उभी राहून कानाला हात लावून सांगू, की देव तुम्हाला म्हणतो हे करा? ते म्हणतील, हा देव शेजारच्या खोलीतल्यांचा.”

फाईलसाहेबांनी कानामागचा हात खाली घेतला आणि त्या हाताकडे असं पाहिलं की तो कुणाचा आहे तेच त्यांना आठवेना.

“मग तुम्ही काय करता?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी मुलीकडे न बघता तिळाबाईकडे बघून विचारलं.

तिने दाखवलं. मग शाईने त्याची दाखवली, ती थोडी वेगळी होती. सुताराची आणखी वेगळी. त्यावरून चार बहिऱ्यांचंच आपसांत जुंपलं, हात टेबलावर आपटू लागले, पाण्याचा पेला उलटला, आणि ऐकणारे पाच जण मुलीचं भाषांतर लिहून घेता घेता दमले. तीन तास गेले. शब्द ठरला नाही.

तिळाबाईने घड्याळाकडे पाहिलं. दोनची पाळी होती. तिने पिशवी उचलली.

“गुरुवारी परत,” ती फाईलसाहेबांना म्हणाली. “दोनशे अकरा उरलेत, आणि हा धरून दोनशे बारा.”